सोमवारी सकाळी पत्ते कुठे जातात? धंतोलीतल्या एका रुग्णालयाचं सबनेटिंग

नागपूरच्या धंतोलीत गल्लोगल्ली रुग्णालयं आहेत. भंडारा-गोंदियापासून पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटपर्यंतचे पेशंट इथे येतात, आणि एका पेशंटमागे दोन-तीन नातेवाईक असतातच. त्यातल्याच एका चाळीस खाटांच्या रुग्णालयाचं नेटवर्क लहान तुकड्यांत वाटण्याचं, म्हणजे सबनेटिंगचं, हे प्रकरण. नाव सांगण्याची गरज नाही, कारण असंच नेटवर्क आजूबाजूच्या अनेक इमारतींत सापडेल.

तक्रार अशी होती: दर सोमवारी सकाळी ओपीडी सुरू होताना बिलिंग आणि रजिस्ट्रेशनच्या काउंटरवरचे दोन-चार कॉम्प्युटर नेटवर्कवर येत नसत. रीस्टार्ट करा, केबल काढून पुन्हा लावा, उपयोग शून्य. दुपार होता होता ते आपोआप चालू होत आणि मंगळवारी कोणाला आठवतही नसे. "सोमवारीच बंद पडून राहिलं भाऊ, बाकी दिवस काही नाही," असं आयटी सांभाळणारा मुलगा सांगत होता. स्विच बदलून झाला होता, केबल बदलून झाली होती. जिन्याखाली रॅक आहे, तिथला डेझर्ट कूलर ओलावा धरतो म्हणून त्यालाही दोषी ठरवून झालं होतं. (तो कूलर तिथून हलवायलाच हवा होता, पण या तक्रारीशी त्याचा संबंध नव्हता.)

अडलेल्या कॉम्प्युटरवर आयपीकॉन्फिग (पत्ता दाखवणारी विंडोजची आज्ञा) टाकलं की १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसे. हा पत्ता कोणी दिलेला नसतो. यंत्रांना आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडे मागून काही मिळालं नाही की विंडोज स्वतःच त्या रांगेतला एक पत्ता घेऊन बसतं आणि दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारत राहतं. म्हणजे वायर ठीक होती, स्विच ठीक होता. पत्तेच संपले होते.

पत्त्यांचा हिशेब

सगळ्या इमारतीला एकच नेटवर्क होतं: १९२.१६८.१.०, मास्क २५५.२५५.२५५.०. आयपी पत्ता ३२ बिटांचा. त्यातले किती बिट नेटवर्कचे ते मास्क सांगतो. या मास्कमध्ये पहिले २४ बिट नेटवर्कचे, उरलेले ८ यंत्रांचे. आठ बिटांत २५६ आकडे बसतात. त्यातला पहिला खुद्द नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारण्याचा, हाती उरतात २५४. राउटर त्यातले १०० ते २५४ असे १५५ पत्ते वाटत होता. शंभरच्या आतले पत्ते सर्व्हर, प्रिंटर आणि तपासणीची यंत्रं यांना कायमचे दिलेले होते.

कागदावर १५५. पण कॅमेरे बसवणाऱ्याने ५४ कॅमेऱ्यांना १५० ते २०३ असे ओळीने कायमचे पत्ते दिले होते, थेट वाटपाच्या रांगेत. कॅमेरा चालू असला की राउटर तो पत्ता व्यापलेला आहे हे ओळखून वगळायचा. पण पावसाळ्याआधीच्या वावटळीत वीज गेली आणि कॅमेऱ्याचा स्विच बंद पडला, की तोच पत्ता दुसऱ्याला देऊन बसायचा. कॅमेरा परत आला की एका पत्त्यावर दोन दावेदार.

तर १५५ मधून ५४ गेले, उरले १०१. त्यातले ३८ कॉम्प्युटरचे, २२ आयपी फोनचे, ९ वायफाय ॲक्सेस पॉइंटचे. डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय आणि सगळे नातेवाईक यांच्या मोबाइलसाठी उरले ३२.

सोमवारचं गणित आता सुटतं. पत्त्याची मुदत २४ तासांची होती. काउंटरचा कॉम्प्युटर शनिवारी सकाळी चालू झाला आणि संध्याकाळी बंद झाला, की त्याचा पत्ता रविवारी सकाळी मोकळा. रविवारी ओपीडी नसते, पण भेटायला येणाऱ्यांची गर्दी तेव्हाच जास्त. तळमजल्यावर मोबाइलची रेंज जेमतेम, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी वायफायचा पासवर्ड विचारतो. मोकळे झालेले पत्ते रविवारी त्या मोबाइलांनी उचलले, तेही २४ तासांसाठी. माणूस तासाभरात गावी परतला तरी त्याच्या नावावरचा पत्ता सोमवारी दुपारपर्यंत अडकलेला. दुपारी मुदती संपत गेल्या की काउंटरचे कॉम्प्युटर एकेक करून जागे होत.

सोपा उपाय आणि त्यातली मेख

तातडीचा इलाज अर्ध्या तासाचा होता. कॅमेऱ्यांचे पत्ते वाटपातून वगळले, ३८ कॉम्प्युटरचे पत्ते राउटरमध्ये राखून ठेवले, मुदत दोन तासांवर आणली. पुढचा सोमवार विनातक्रार गेला. साहजिकच प्रश्न आला. स्टोअरच्या जुन्या सुपरवायझर काकांनी तो सगळ्यांच्या वतीने विचारला: "आता तर सगळं चालून राहिलं नं, मग कायले तोडफोड करता?"

कॅमेरेवाल्याचंही एक सुचवणं होतं: मास्क २५५.२५५.२५४.० करा, पत्ते दुप्पट होतात, विषय संपला. दुप्पट होतात हे खरं. पण त्याचा समज होता की १९२.१६८.१ आणि १९२.१६८.२ यांची जोडी होईल, आणि तसं होत नाही. /२३ मध्ये (म्हणजे पहिले २३ बिट नेटवर्कचे) तिसऱ्या आकड्याचा शेवटचा बिट यंत्रांकडे जातो, त्यामुळे जोड्या ठरलेल्या असतात: ० आणि १, २ आणि ३, ४ आणि ५. आपल्या १ चा जोडीदार ०. दोनशी त्याची कधीच जोडी जमणार नाही.

त्याहून मोठी अडचण सीटी स्कॅन आणि सोनोग्राफी यंत्रांची. त्यांचा मास्क कंपनीच्या सर्व्हिस पासवर्डमागे बंद असतो. बाकी सगळ्यांचा मास्क बदलला आणि यांचा जुनाच राहिला, तर १९२.१६८.०.५० वरचा कॉम्प्युटर सीटीला आपल्या घरचा समजून हाक मारेल आणि सीटी मात्र त्याला परका समजून उत्तर गेटवेकडे, म्हणजे नेटवर्कबाहेर नेणाऱ्या दाराकडे, पाठवेल. काही गोष्टी चालतील, काही चालणार नाहीत, आणि कोणत्या ते यंत्रागणिक वेगळं. असा अर्धवट बिघाड पूर्ण बिघाडापेक्षा वाईट. तो सापडायला महिने जातात.

पण माझ्या मते रुंद मास्क नाकारण्याचं खरं कारण वेगळं होतं. ते समजावत बसण्यापेक्षा प्रशासक मॅडमना त्यांच्याच मोबाइलवर दाखवलं. ओपीडीच्या बाकावर बसून नातेवाइकांच्या वायफायला जोडणी केली, प्ले स्टोअरवरचं नेटवर्क स्कॅन करणारं एक फुकट ॲप उघडलं. मिनिटाभरात यादी खाली सरकू लागली: बिलिंगचा सर्व्हर, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर, बायोमेट्रिक हजेरीचं यंत्र, आणि एक्स-रेचा कन्सोल. तो कन्सोल विंडोज ७ वर चालतो. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० ला राम राम ठोकला, पण यंत्राच्या कंपनीची परवानगी नसल्याने तिथे नवीन विंडोज टाकता येत नाही. रेकॉर्डरच्या नावावर बोट ठेवलं तर लॉगिनचं पान उघडलं. मॅडमनी मोबाइल खाली ठेवला आणि विचारलं, "म्हणजे समोर बसलेल्या कोणालाही हे दिसतं?" हो, कोणालाही.

मास्क रुंद केला असता तर हेच दार दुप्पट माणसांसाठी उघडं राहिलं असतं. नेटवर्कची वाटणी करता येणाऱ्या नव्या मॅनेज्ड स्विचचा खर्च मंजूर झाला तो या बाकावर. सोमवारच्या तक्रारीने तो कधीच मंजूर झाला नसता.

जे हलत नाही ते हलवायचं नाही

पुस्तकी पद्धतीने पाहिलं तर सगळ्यांना नवे पत्ते देऊन स्वच्छ मांडणी करायला हवी. रुग्णालयात ते महागात पडतं. एक्स-रे, सीटी आणि सोनोग्राफीची यंत्रं प्रतिमा ज्या सर्व्हरला पाठवतात, त्या पॅक्सचा पत्ता, पोर्ट आणि एक ठरलेलं नाव प्रत्येक यंत्रात हाताने भरलेलं असतं. पॅक्सकडेही उलट बाजूने प्रत्येक यंत्राची तशीच नोंद असते. एक पत्ता बदलायचा म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांचे इंजिनिअर एकाच दिवशी हजर हवेत, आणि त्यातला एखादा पुण्याहून निघतो. बिल वेगळंच.

म्हणून उलटं केलं. यंत्रं, पॅक्स आणि रुग्णालयाच्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर यांना १९२.१६८.१ मध्येच ठेवलं आणि बाकी सगळ्यांना बाहेर काढलं. कॉम्प्युटर, मोबाइल, कॅमेरे यांचे पत्ते बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. जुना गेटवे १९२.१६८.१.१ होता, तोच पत्ता नव्या लेयर-३ स्विचला (सबनेटांमध्ये रस्ता दाखवणाऱ्या स्विचला) दिला. यंत्रांच्या दृष्टीने काहीच बदललं नाही.

सर्व्हर आणि यंत्रं एकाच सबनेटमध्ये ठेवणं मला पूर्णपणे पटलेलं नाही. पण ३८ कॉम्प्युटरवरच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व्हरचा आकडाच टाकलेला आहे, नाव नाही. ते आधी सुधारल्याशिवाय सर्व्हर हलवण्यात अर्थ नव्हता.

बाहेर काढलेल्यांसाठी १०.२०.०.० हा /२१ चा तुकडा घेतला. १० ने सुरू होणारी सगळी रांग खासगी वापरासाठी राखीव आहे (१७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ सुद्धा, फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या दस्तऐवजात हे ठरलं). /२१ मध्ये २०४८ पत्ते येतात. त्याची वाटणी अशी:

१०.२०.०.० /२३: नातेवाईक, ५१० पत्ते
१०.२०.२.० /२५: कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर, १२६
१०.२०.२.१२८ /२६: आयपी फोन, ६२
१०.२०.२.१९२ /२७: बायोमेट्रिक, टोकनचे डिस्प्ले, टीव्ही, ३०
१०.२०.२.२२४ /२७: स्विच आणि ॲक्सेस पॉइंट, ३०
१०.२०.३.० /२४: कॉम्प्युटर आणि प्रिंटर, २५४
१०.२०.४.० /२४: कर्मचाऱ्यांचे मोबाइल, २५४
१०.२०.७.२५२ /३०: स्विच ते फायरवॉल (इंटरनेटच्या दारावरचा राखणदार), २

५ आणि ६ पूर्ण रिकामे, ७ जवळपास रिकामा. कॅमेरे ५४ आणि रेकॉर्डर दोन, म्हणजे /२६ मधल्या ६२ पत्त्यांत ते बसत होते. तरी /२५ दिला, कारण नागपुरात तरी मी कॅमेरे कमी झालेलं रुग्णालय पाहिलेलं नाही. खासगी पत्ते फुकट आहेत. तिथे चिकटपणा करून पुढच्या वर्षी पुन्हा आकडे बदलत बसणं परवडत नाही.

१०.२०.२ च्या आत मोठा तुकडा आधी आणि लहान नंतर, हा क्रम मुद्दाम ठेवला. प्रत्येक तुकडा स्वतःच्या आकाराच्या पटीवरच सुरू होऊ शकतो. ६४ चा तुकडा ०, ६४, १२८ किंवा १९२ वर. मनात आलं म्हणून १०० वर नाही. मोठे आधी बसवले की लहान आपसूक जागेवर पडतात.

मजल्याप्रमाणे सबनेट का पाडले नाहीत, असंही विचारलं गेलं. नेटवर्क बसवणारे बरेचदा तसंच करतात, कारण केबल मजल्यावरून येते. पण दुसऱ्या मजल्यावरचा नातेवाइकाचा मोबाइल आणि दुसऱ्या मजल्यावरची सोनोग्राफी यांना एकत्र ठेवून काय साधणार? कोणाला कोणाशी बोलण्याची गरज आहे, यावर वाटणी झाली पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सर्रास होते: स्विच साधेच ठेवून फक्त पत्ते वेगळे देणं. एकाच खोलीत खडूची रेघ ओढून दोन बिऱ्हाडं म्हणण्यासारखं ते आहे. ब्रॉडकास्ट सगळ्यांना ऐकू येतच राहतं, आणि कोणीही आपला पत्ता हाताने बदलून पलीकडे जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक सबनेटला स्वतःचा व्हीलॅन (त्याच स्विचमधलं वेगळं, बंदिस्त नेटवर्क) दिला आणि प्रत्येक पोर्ट त्या-त्या व्हीलॅनला बांधला. ॲक्सेस पॉइंटवर दोन वायफाय नावं ठेवली, त्यांचे व्हीलॅन निराळे. आयटीच्या मुलाने कर्मचाऱ्यांचे मोबाइल मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या हार्डवेअरच्या ओळख-आकड्यावरून) ओळखून आत घेऊया असं सुचवलं होतं. पण अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून मोबाइल प्रत्येक वायफायला बनावट मॅक पत्ता दाखवतात. ती यादी कधीच खरी राहिली नसती.

रिकामं गेटवे

काम रविवारी रात्री, टप्प्याटप्प्याने झालं. आधी नातेवाईक, कारण तिथे बिघडलं तरी उपचार थांबत नाहीत. मग कॅमेरे, फोन, आणि शेवटी कॉम्प्युटर. डीएचसीपीची मागणी ब्रॉडकास्टने जाते आणि ब्रॉडकास्ट सबनेट ओलांडत नाही, त्यामुळे स्विचवर प्रत्येक व्हीलॅनसाठी रिले लावावा लागतो. रिले मागणीत स्वतःचा पत्ता लिहून ती पुढे पाठवतो. त्यावरून सर्व्हरला कळतं की कुठल्या रांगेतला पत्ता द्यायचा. नातेवाइकांना मात्र थेट फायरवॉलच पत्ते वाटतो. त्यांचा गेटवेही फायरवॉल आहे. आतल्या स्विचला त्यांचा रस्ताच ठाऊक नाही.

कॉम्प्युटर हलल्यावर एक्स-रे चालू, सीटी चालू, सोनोग्राफी चालू. पॅथॉलॉजीतलं रक्ततपासणीचं एक यंत्र मात्र रिपोर्ट पाठवेना. यंत्राच्या पडद्यावर नेटवर्कचा मेनू उघडला:

आयपी: १९२.१६८.१.६१
मास्क: २५५.२५५.२५५.०
गेटवे: ०.०.०.०

गेटवे रिकामं. यंत्र बसवलं तेव्हा ते आणि लॅबचा कॉम्प्युटर एकाच सबनेटमध्ये होते, दाराबाहेर जाण्याची गरजच नव्हती, म्हणून बसवणाऱ्याने तो रकाना सोडून दिला. आता लॅबचा कॉम्प्युटर १०.२०.३ मध्ये गेला आणि यंत्राला बाहेरचा रस्ता माहीत नाही. तिथे १९२.१६८.१.१ भरलं आणि साठलेले रिपोर्ट धडाधड निघाले.

मग बाकीची यंत्रं तपासली तर दोन्ही सोनोग्राफींचंही गेटवे रिकामंच. त्यांची पॅक्सशी गाठ त्याच सबनेटमध्ये पडते, म्हणून काही अडलं नव्हतं. ती मुद्दाम तशीच ठेवली. ज्या यंत्राला बाहेर कोणाशी बोलायचंच नाही, त्याला रस्ता न सांगणं हे फुकटचं कुलूप आहे. कोणत्या सबनेटने कोणाशी बोलायचं या नियमांची यादी चुकली तरी ते यंत्र बाहेर उत्तर देऊ शकत नाही.

दुसरी अडचण रिसेप्शनच्या फोनची. त्या फोनच्या पडद्यावर गेटच्या कॅमेऱ्याचं चित्र दिसायला हवं, आणि नियमांत तेवढी सूट दिलेली होती. कॉल व्यवस्थित लागत होते, चित्र येत नव्हतं. फोनचा पत्ता १०.२०.२.१५०, कॅमेऱ्याचा १०.२०.२.१७. फोन बसवणाऱ्याने सवयीने मास्क २५५.२५५.२५५.० टाकला होता. त्या मास्कने फोनला वाटलं की १७ आपल्याच घरात आहे, आणि तो गेटवेला न विचारता तिथेच हाका मारत राहिला.

खरा मास्क २५५.२५५.२५५.१९२. शेवटचा आकडा बिटांत मांडू: १५० म्हणजे १००१०११०, आणि १९२ म्हणजे ११००००००. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवायचा. उरतं १०००००००, म्हणजे १२८. फोनचं घर १०.२०.२.१२८. कॅमेऱ्याचा १७ म्हणजे ०००१०००१, त्याला हाच मास्क लावला की शून्य. घरं वेगळी आहेत हे फोनला कळलं, त्याने गेटवे धरला आणि गेट पडद्यावर दिसू लागलं. काही स्विच प्रॉक्सी एआरपी लावून अशा चुका झाकतात, परक्याच्या वतीने स्वतःच उत्तर देतात. आमच्या स्विचवर ते बंद होतं म्हणून चूक लगेच हाती लागली.

या सवयीचं मूळ जुनं आहे. पूर्वी पत्त्यांचे ठरावीक क्लास असत आणि त्यातल्या सीचा मास्क हाच. दुकानात अजूनही "क्लास सी आयपी" असं बोलतात. सबनेट पाडण्याची रीत ऑगस्ट १९८५ च्या आरएफसी ९५० मध्ये आली, आणि १९९३ मध्ये मास्क हव्या तितक्या बिटांचा ठेवू देणाऱ्या सीआयडीआरने क्लास ही कल्पनाच मोडीत काढली. तरी २५५.२५५.२५५.० बोटांच्या टोकावर बसलेलं आहे ते आहेच.

मनीषनगरचं घर

जुना पत्ता राखण्याची किंमत एके ठिकाणी मोजावी लागली. रेडिओलॉजिस्ट डॉक्टर रात्री मनीषनगरच्या घरून सीटी पाहतात. आधी त्यासाठी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट सरळ इंटरनेटवर उघडं होतं. ते बंद करून व्हीपीएन (इंटरनेटवरून आतल्या नेटवर्कपर्यंतचा बंद रस्ता) दिला. व्हीपीएन जोडला जाई, पण पॅक्स उघडेना. कारण डॉक्टरांच्या घरचा राउटरही १९२.१६८.१ च वापरत होता, जसे बाजारात मिळणारे बरेच राउटर वापरतात. लॅपटॉप १९२.१६८.१.२० ला, म्हणजे पॅक्सला, स्वतःच्या हॉलमध्ये शोधत होता.

फायरवॉलवर पत्ते बदलून दाखवण्याची सोय करता आली असती. पण घर एकच होतं, म्हणून घरचाच राउटर १९२.१६८.७७.० वर नेला. उद्या चार डॉक्टर घरून पाहू लागले तर हा उपाय पुरणार नाही, तेव्हा फायरवॉलचाच मार्ग धरावा लागेल.

नियम थोडक्यात असे. नातेवाईक फक्त इंटरनेटवर. कॅमेरे फक्त आपल्या रेकॉर्डरशी आणि त्या एका फोनशी. त्यांना इंटरनेट नाही, वेळही रेकॉर्डरकडूनच घ्यायची. कॉम्प्युटरना सर्व्हरपर्यंत परवानगी, यंत्रांपर्यंत नाही. अपवाद लॅबचा एक कॉम्प्युटर. स्विचवरचे नियम संभाषण लक्षात ठेवत नाहीत, म्हणून जाणाऱ्या नियमाबरोबर उत्तराचाही नियम लिहावा लागला.

काम झाल्यावर बाकावरची तीच चाचणी पुन्हा केली. ॲपला गेटवे दिसला, तो मोबाइल स्वतः दिसला, बाकी काही नाही. शेजारच्या नातेवाइकांचे मोबाइलही दिसले नाहीत, कारण ॲक्सेस पॉइंटवर नातेवाइकांना एकमेकांपासून वेगळं ठेवण्याची सोय चालू केली होती. ते काम सबनेटचं नव्हे, त्यासाठी वेगळं बटण असतं.

रुग्णालय आता शेजारचा प्लॉट घेऊन नवी कॅथलॅब उभारतंय. तिच्यासाठी १०.२०.५.० राखून ठेवलं आहे आणि खरेदीच्या अटींत तीन ओळी घातल्या आहेत: यंत्राचा आयपी, मास्क आणि गेटवे रुग्णालयाला स्वतः बदलता आले पाहिजेत, बसवताना तिन्ही रकाने भरून त्यांचा फोटो द्यायचा, आणि कंपनीला दुरून दुरुस्ती करायची असेल तर स्वतःचा राउटर न आणता रुग्णालयाच्या व्हीपीएनमधूनच यायचं. दोन कंपन्यांनी पहिल्या दोन अटी मान्य केल्या आहेत. तिसरीवर बोलणी चालू आहेत.